उचललं नाही तर सुकेशनीकडे

सुकेशनी मूळची बोरी गावची. बी.ए. झाल्यावर इकडेतिकडे कामं करून ती परभणीत जिंतूर रस्त्यावरच्या एका खासगी क्रीडा संकुलाच्या ऑफिसात लागली. पोहण्याचा तलाव, बॅडमिंटनचा हॉल, व्यायामशाळा आणि मागं कबड्डी-खोखोची मैदानं. तेव्हा टेबलावर एकच फोन होता. तो वाजला की ती उचलायची आणि ज्याचा असेल त्याला बोलवायला उठून जायची. जाता-येता मुलींचा खेळ दिसायचा. प्रशिक्षक नसले तर एखाद्या डावाला ती पंचही व्हायची. ते काम तिला आवडायचं.

शिकायला येणारी मुलं वाढली तसे फोन वाढले. व्यवस्थापक नागनाथ सरांनी टेलिफोन यंत्रणा बसवायचं ठरवलं. नंबर एकच, पण आत प्रत्येक विभागाला स्वतंत्र फोन. काम धम्मानंद नावाच्या तंत्रज्ञाकडे होतं. आल्या आल्या त्यानं "जयभीम, ताई" म्हटलं, तारा ओढल्या आणि लॅपटॉप घेऊन सुकेशनीच्या टेबलाशी बसला. सुरुवातीचं रेकॉर्डिंग कुणाच्या आवाजात करायचं, असं त्यानं विचारलं.

"हिचाच आवाज घ्या," सर म्हणाले. "लय स्वच्छ बोलती."

सुकेशनी लाजली, पण मनातून खूश झाली. दार लावून, पंखा बंद करून ती बोलली, "नमस्कार. क्रीडा संकुलात आपलं स्वागत आहे. पोहण्यासाठी एक दाबा. बॅडमिंटनसाठी दोन दाबा..."

मग धम्मानंदनं विचारलं, "सर, विभागात कोणी उचललंच न्हाई, तर कॉल कुठं सोडायचा?"

"सुकेशनीकडं."

"अन् ऑफिस बंद झाल्यावर?"

"तिच्याच मोबाईलवर टाका की."

सरांनी मान वरही केली नाही. सुकेशनीला कुणी विचारलं नाही आणि तिलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

फोन उचलला नाही तरी काही बिघडत नाही, हे प्रशिक्षकांना लवकरच कळलं. बॅडमिंटनच्या स्वरदा मॅडम तर हसत म्हणायच्या, "वाजू दे, जातो तो सुकेशनीकडं." हळूहळू सगळ्या संकुलाचे फोन तिच्या टेबलावर येऊन पडायला लागले. तिचं उठणंच बंद झालं. मैदानावरचा आरडाओरडा खिडकीतून ऐकू यायचा, पण तिथं काय चाललंय ते दिसायचं नाही. डबा उघडला की फोन. संध्याकाळी खोलीवर भाजी फोडणीला टाकली की मोबाईल: उद्या तलाव चालू आहे का, पोराचा टॉवेल राहिलाय का. रविवारी बोरीच्या एसटीतही तेच. एकदा वैतागून तिनं मोबाईल बंद ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुला नोकरी करायची हाय का न्हाई?"

उन्हाळी शिबिराच्या गर्दीत ती गोष्ट घडली. सुकेशनीची आई सरजाबाई बोरीत एकटीच राहायची. न्हाणीत पाय घसरून ती उजव्या हातावर पडली. डाव्या हातानं तिनं लेकीच्या मोबाईलवर फोन लावला, पण शिबिराचे पालक आता दिवसाही त्यावरच फोन करायचे, तो सारखा व्यस्त. मग तिनं संकुलाचा नंबर लावला.

दुपार कलल्यावर शेजारच्या बबिताचा फोन कसाबसा लागला, तेव्हा सुकेशनीला कळलं. वाजते फोन तसेच टाकून ती निघाली. बोरीच्या दवाखान्यात आईच्या मनगटाला प्लास्टर चढवून झालं होतं.

"फोन लागला तवा मला लय बरं वाटलं," आई म्हणाली. "तुझाच आवाज. म्या म्हणलं, सुके, पडले गं. तू म्हणलीस, एक दाबा. म्या म्हणलं, हात हालना. तू म्हणलीस, दोन दाबा. मग तू ठेवूनच दिलास."

"आई, ती मी नव्हते. ते रेकॉर्डिंग हाय, काही दाबलं न्हाई की आपोआप बंद होतंय."

"असंल," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

परतल्यावर सुकेशनी सरांसमोर उभी राहिली. "ऑफिस सुटल्यावरचे फोन माझ्याकडं नको, सर. तुमच्याकडं घ्या."

"मी कुठं कुठं असतो, तुला माहीतच हाय."

"मी बी कुठंतरी असतेच की, सर."

सरांनी प्रशिक्षकांची यादी पुढं ओढली. मग त्यांनी पाळ्या लावून दिल्या, रोज एका प्रशिक्षकाच्या मोबाईलवर. काही दिवस सुकेशनी संध्याकाळी निवांत जेवली. पण कुणी मोबाईल बंद ठेवला, कुणी उचललाच नाही. पालक तक्रारी घेऊन आले आणि सरांनी धम्मानंदला बोलावून सगळं पहिल्यासारखं करायला सांगितलं.

धम्मानंद लॅपटॉप उघडून बसला. "ताई, मला सांगतील तसंच करावं लागतंय," तो म्हणाला. तिची आई पडल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "आईचा नंबर सांगा. त्या नंबरला रेकॉर्डिंग लागणारच न्हाई. ऑफिस चालू असलं की सरळ तुमच्या टेबलावर, सगळ्यांच्या आधी."

तिनं नंबर सांगितला. तिला भरून आलं आणि त्याच वेळी हेही कळलं, की त्या फोनसाठी आता आपल्याला या खुर्चीतच बसायला हवं. दुसरी नोकरी बघायचा विचार ती रोज करायची. त्या दिवशी तिनं तो केला नाही.

आईचं प्लास्टर निघालं. आता ती रोज भाकरी झाली की फोन करते आणि लेक लगेच "आई" म्हणते. बोलता बोलता टेबलावरच्या फोनवर थांबलेल्या कॉलचे दिवे लुकलुकत असतात.

"रविवारी यायलीस ना?" आई विचारते.

"बघते," सुकेशनी म्हणते. "स्पर्धा हायेत, आई."

"बरं," आई म्हणते. ठेवायची घाई तिलाच असते. लेकीचे फोन खोळंबले असतील, हे तिला आता माहीत झालं आहे.