नावेच्या फळीला कडीचं भोक

मंडळी, आज सकाळी ब्रह्मपुरीजवळ वैनगंगेच्या काठावर दुरुस्तीला काढलेली एक पालथी नाव पाहिली. खरवडलेल्या तळावर निळा, हिरवा, शेंदरी असे सगळे जुने रंग उघडे पडले होते. मी फोटो काढत सुटलो.

एका फळीला मात्र कडीचं बुजवलेलं भोक होतं. मी नाववाल्या सुखदेवभाऊंना विचारलं.

"आमच्या घरचं दार होय ते," फटीत डांबर भरता भरता ते म्हणाले. "पन्नास-पंचावन सालची गोष्ट. पावसाळ्यात नाव फुटली अन् पलीकडं एक बाई बाळंतपणात अडली होती. जंगलात सागवान उभं, पण तोडाले बंदी. मंग आज्यानं घरचं दारच काढलं."

"आणि घराला?"

"दोन वर्सं बांबूची ताटी. वाघ आंगनात येऊन जाये."

पुढं नावा बदलल्या, पण ही फळी दर वेळी नव्या नावेत बसवली, म्हणे.

"हिला तरी रंग नका लावू," मी म्हणालो.

"नाई लावला तं सडन ना, भाऊ." त्यांनी निळा ब्रश फिरवला.

घरी येऊन कडी लावताना हात थांबला. तुम्ही दिलं असतं दार?