काचेवरचा नमुना

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात 'लग्नाचा बायोडेटा करून मिळेल' अशी पाटी आहे. तिच्याखाली काचेला एक नमुना चिकटवलाय. काल सहज वाचायला लागलो आणि शेवटच्या ओळीशी थबकलो. 'अपेक्षा: मी बोलायला लागले की टीव्हीचा आवाज कमी करणारा हवा.'

ही ओळ माझ्या लेकीची. तिचा बायोडेटा लिहिताना आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो आणि बाहेर द्यायच्या बायोडेटातून ती काढून टाकली होती. राहिली ती फक्त घरच्या कॉम्प्युटरमध्ये. तो बंद पडला तेव्हा याच दुकानदाराने सांगितलं होतं, "काका, हा गेला. मी भंगारात देतो, तुम्ही निर्धास्त राहा."

बोहारणीला जुना शर्ट देतानाही आम्ही खिसे उलटे करून बघतो. इथे अख्खं घर तसंच देऊन आलो, कारण तो मला काका म्हणत होता.

"नाव-नंबर खोडलेत की, काका!" तो आताही तितक्याच प्रेमाने म्हणाला. खरंच खोडले होते, काळ्या पेनाने, पट्टी धरून. तिची जन्मवेळ, माझी नोकरी, तिच्या आईचं माहेर मात्र जागच्या जागी. नाव खोडलं म्हणून बापाला लेक ओळखू येत नाही?

"काढ ते आधी," मी म्हणालो. पण शेजारी बायोडेटा करायला आलेली एक मुलगी वडिलांना तीच ओळ वाचून दाखवत होती. दोघंही पोट धरून हसले.

दुकानदाराने कीबोर्ड पुढे ओढला आणि त्या मुलीला विचारलं, "टाकू ना हीच?"