भिंत लागेपर्यंत

दुपारी चहा घेऊन गेले, तेव्हा हे जुन्या कॉम्प्युटरवर तोच खेळ खेळत होते. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, तेव्हापासूनचा हा खेळ. पडद्यावर रंगीत गोळे असतात, ते अणू. ते सरकवून एकमेकांना चिकटवायचे आणि रेणू तयार करायचा. अडचण एकच. एकदा ढकललेला अणू मधे कुठे थांबत नाही. भिंत लागेपर्यंत किंवा दुसरा अणू आड येईपर्यंत सरकतच राहतो.

आजचा रेणू पाण्याचा होता, सगळ्यात सोपा. ऑक्सिजन मात्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसता जात-येत होता.

"थांबत का नाही गं हा?" त्यांनी विचारलं.

मला सकाळची गोष्ट आठवली. सकाळी हे दूध आणायला गेले आणि डेअरी ओलांडून सरळ चालत राहिले, थेट नदीकाठच्या कुंपणापर्यंत. शेजारच्या वहिनींनी हाताला धरून आणलं. "किती हाका मारल्या, थांबलेच नाहीत," म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं होतं. इतकी वर्षं ते आपणहून थांबतात, आपणहून परततात, असंच मी धरून चालले होते. आता वाटलं, कुंपण नसतं तर?

"मधे कुणी नाही ना, म्हणून," मी म्हणाले. "आधी हायड्रोजन आणून ठेवा."

"असं होय!" म्हणाले, आणि पुन्हा ऑक्सिजनच ढकलला.

मी चहा त्यांच्यापुढे ठेवला, माझी खुर्ची उचलली आणि उघड्या दारात आडवी टाकून बसले.