दादारावांच्या बाची काठी

परदेशात, ब्लॅकटाउनच्या घरात दादारावांना करमत नसे, आणि ते तसं तोंडावर सांगत. लेक सुनेत्रा नि जावई सकाळी कामाला गेले की मागं दोघंच उरत. एक हे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, आणि दुसरी मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी अमरावतीची ऐश्वर्या. ते दोन हजार आठ साल. आपल्या लोकांच्या घरोघरी एखादा तरी विद्यार्थी ठेवलेला. ऐश्वर्या कुकरीचा कोर्स करायची आणि उरलेला वेळ एका रेस्टॉरंटात राबायची.

"मालक पगार बरा देतो का गं?" एकदा दादारावांनी विचारलं.

"पगार कुठला, आजोबा! तिथंच दोन वेळा जेवते, आणि शेवटी मालक कामाच्या तासांचं सर्टिफिकेट देणार आहे. इथं कायमचं राहायला तेच लागतं. सगळेच करतात."

म्हातारा भडकलाच. "फुकट? अगं, ही तर वेठ झाली! विमानात बसून वेठीला आलीस होय?"

मग ते बोलतच सुटले. पासष्टच्या लढाईत, सियालकोटच्या आघाडीवर, खंदकात बसल्या बसल्या पोरं एकमेकांना विचारायची, सुटीवर गेल्यावर काय करशील? कुणाला लग्न करायचं होतं, कुणाला विहीर बांधायची होती. दादाराव म्हणायचे, "बाच्या हातातली घुंगरांची काठी काढून घेईन." महारकीचं वतन कायद्यानं केव्हाच मोडलं होतं. पण गावानं हाक मारली की बा काठी घेऊन निघायचाच. कुणी मेल्याचा सांगावा पोचव, मेलेलं ढोर ओढ, आणि त्यावर मिळेल ती भाकरी खा. "मी इथं देशाची राखण करतोय, आणि माझा बा पाटलाच्या दारात उभा! कायद्यानं काय होतंय? माणूस स्वतः नाही म्हणेल तेव्हा गुलामी सुटेल," असं ते तावातावानं सांगायचे.

"मग घेतली काठी?" ऐश्वर्यानं विचारलं.

"कुठली घेतो! मी पोचलो तेव्हा बा सांगावा घेऊन परगावी गेलेला. वाटेतच गेला गं. एकटाच." चाळीस वर्षं उलटली, तरी त्यांना अजून बा हवा होता, लहान पोराला हवा असतो तसा.

दुसऱ्या दिवशी ऐश्वर्या भरदुपारीच परत आली. डोळे सुजलेले.

"मालकाला म्हटलं, पगार द्या, नाहीतर मी येत नाही. तर हसला. म्हणाला, नो वरीज, बाहेर दहाजण उभे आहेत. एप्रन तिथंच टाकून आले."

"शाब्बास, माझी वाघीण!" दादारावांनी टाळी वाजवली.

"शाब्बास काय, आजोबा? एवढे महिने पाण्यात गेले, घरून आणलेले पैसेही संपत आले. आता मी जाऊ कुठं? खाऊ काय?"

खंदकात दादारावांनी एवढ्या गप्पा हाणल्या, पण हा प्रश्न त्यांना कधी सुचलाच नव्हता. बानं मात्र पहिला हाच विचारला असता. काठी घेतोस, मग पोरा, खायचं काय?

ते उठले, वरण गरम केलं आणि तिच्यापुढे ताट ठेवलं. "कुठं जायचं नाही. भाड्याचं सुनेत्राशी मी बोलतो. दुसरं काम मिळेपर्यंत माझ्याबरोबर जेवायचं. कळलं?"

ती मान खाली घालून जेवू लागली. दादाराव समोर बसून राहिले. बाला एवढंच तर सांगायला हवं होतं, आणि तेव्हा त्यांना ते ठाऊकच नव्हतं.