औषध लागू पडलेली बाई

पुण्यात कॅन्सरवर औषध सापडल्याची बातमी पेपरात आली, त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं होतं. शेजारी माझा परीक्षानळी धरलेला फोटो. परीक्षानळी मी कॉलेजनंतर हातात धरली नव्हती. ती फोटोग्राफरनंच कुठल्याशा कपाटातून शोधून काढली होती. नारायण पेठेत आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यात अडवून विचारलं, "मग आता आम्ही मरायचं कशानं, तेवढं सांगून ठेवा."

खरं प्रकरण एवढंच होतं. काही गाठी केमोला दाद देत नाहीत. त्यांच्या पेशी आत आलेलं औषध ओळखतात आणि दारातूनच वाटेला लावतात; या बाबतीत त्या पक्क्या पुणेकर. म्हणून आमच्या प्रयोगशाळेत आम्ही तेच औषध चरबीच्या थेंबात दडवून आत सोडायचो. थेंब केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी लहान. काचेच्या बशीत पेशी मरायच्या. उंदरांत मात्र बहुतेक थेंब गाठीपर्यंत पोचायच्या आधीच यकृतात अडकून बसायचे. हे मी वार्ताहराला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. त्यानं छापलं फक्त बशीतलं.

मग माणसं फायली घेऊन प्रयोगशाळेच्या फाटकाशी यायला लागली. आमचे सर म्हणायचे, "तूच बोल. फोटो तुझा आलाय." मी प्रत्येकाला समजावून परत पाठवायची आणि दर वेळी चिडायची, वार्ताहरावर, सरांवर, त्या नतद्रष्ट थेंबांवर.

एकदा कात्रजच्या पलीकडून एक जोडपं आलं. गाव शहरात आल्यावर जमीन विकलेलं शेतकरी घर; स्वतःची गाडी घेऊन आले होते. बाईंच्या डोक्याला स्कार्फ होता. औषधं बदलून बदलून झाली होती, गाठ हटत नव्हती. नवरा म्हणाला, "म्याडम, म्हणाल तिथं सही करतो. पर तुमचं औषध हिला द्या."

मी नेहमीचं सांगितलं. माणसांना देता येत नाही अजून. फक्त पेशींवर चालतं.

आता बाईंनी विचारलं, "कुणाच्या पेशी हायेत त्या?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. परदेशातल्या एका बाईंच्या गाठीतून काढलेल्या, मी म्हटलं. तेव्हापासून त्या वाढवतच आणल्यात. थोडं थोडं औषध पाजून आम्हीच त्यांना निबर केलंय, म्हणजे आमच्या थेंबांची परीक्षा घेता येते.

"मंग त्या बाई बऱ्या झाल्या का?"

"नाही. त्या गेल्या. फार वर्षं झाली."

बाईंनी स्कार्फ कपाळावर ओढून घेतला. "म्हंजे गेलेल्या बाईला औषध लागू पडतंय. मी तर हाय अजून."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग मला आला होता आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. नवऱ्यानं फाईल काखेत धरली, "येतो," म्हणाला आणि बाईंना हात देऊन गाडीत बसवलं.

मी वर आले. पेशींचं अन्नपाणी बदलायची वेळ झाली होती. हयगय केली तर त्या मरतात आणि सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं. बशी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काठोकाठ भरली होती. एका जिवंत बाईला रिकाम्या हातानं परत पाठवून मी त्या पेशींना वेळेवर खायला घातलं.