आकडे जुळेपर्यंत रस्त्यावर नाही

आमच्या हॉलमध्ये पूर्वी सोफा होता तिथं आता एक सायकल उभी आहे, आणि तिला मागचं चाक नाही. चाक काढून जिन्याखाली ठेवलंय आणि त्याच्या जागी एक काळं, जड यंत्र आलंय. सायकल त्या यंत्रावर बसवायची, वर चढायचं आणि पाय मारत राहायचं. समोरच्या स्क्रीनवर घाट आला की यंत्र आपोआप पेडल जड करतं, उतार आला की हलकं. माणूस घामानं निथळतो आणि शेवगावातल्या आमच्या हॉलमधून इंचभरही पुढं सरकत नाही. रविवारी विहारात वंदना झाली की बायका मला विचारायच्या, "काय, आज कुठपर्यंत गेले साहेब?" मी म्हणायचे, "टीव्हीपर्यंत."

साहेब म्हणजे माझे मिस्टर. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहेत. कालव्याला पाणी सोडायचं, ते मोजायचं आणि कमी का आलं हे लोकांना समजावून सांगायचं, हे त्यांचं काम. सगळं गाव त्यांना साहेब म्हणतं म्हणून मीही म्हणते, फक्त माझ्या म्हणण्यात आदर जरा बेतानं असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते.

यंत्र आलं ते त्यांच्या दुखण्यामुळं. मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी ते एकटेच सायकलवर पैठणच्या रस्त्यानं गेले, आणि छातीत कळ येऊन रस्त्याच्या कडेलाच बसले. मागून येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं त्यांना उचलून आणलं. नगरला नेलं, दोन स्टेंट बसले, आणि आठवड्यानं माणूस घरी आला. लिहायला हे एवढंच आहे. पण दवाखान्याच्या त्या बाकावर मी कशी बसले होते ते मला अजूनही कुणाला नीट सांगता येत नाही.

घरी आल्यावर त्यांची सायकल मी कडीकुलपात घातली असती, पण मुलगी आडवी आली. ती पुण्यात नोकरी करते. तिनंच हे यंत्र पाठवलं. फोनवर म्हणाली, "मम्मी, पप्पांना घरातल्या घरात फिरू दे. तुझ्या डोळ्यांसमोर राहतील." डोळ्यांसमोर म्हटल्यावर मी लगेच तयार झाले.

नगरच्या डॉक्टरांचीही परवानगी घेतली. साहेबांनी त्यांच्यापुढं मोबाईल धरला आणि वॅट, आलेख वगैरे सुरू केलं. डॉक्टरांनी मोबाईलकडं पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडं वळले. "मॅडम, ठोके किती वर जाऊ द्यायचे ते मी लिहून दिलंय. पण त्याहून सोपी खूण सांगतो. पाय मारताना यांना सरळ, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की थांबवायचं. तुम्ही समोर खुर्ची टाकून बसा आणि यांना बोलतं ठेवा."

मला तिथंच हसू फुटलं. बाहेर, कालव्याच्या भरावावर उभे राहिले की साहेब तासभर बोलतील, पण घरात त्यांचं बोलणं म्हणजे "चहा", "टॉवेल" आणि "चावी कुठंय". संसाराच्या इतक्या वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते डॉक्टरांनी औषधासारखं लिहून दिलं होतं.

पहिल्याच संध्याकाळी भानगड झाली. आजारी पडायच्या आधी साहेबांनी हौसेनं पॉवर मीटरवाली पेडलं घेतलेली होती. पाय किती जोर लावतोय हे ती पेडलं वॅटमध्ये सांगतात. आणि हे नवं यंत्रही वॅटच सांगतं. पेडलांचा आकडा मोबाईलवर, यंत्राचा आकडा मोठ्या स्क्रीनवर. पेडलं म्हणाली शंभर, यंत्र म्हणालं पंचाण्णव. पाय तेच, माणूस तोच, सायकलही तीच. साहेबांनी खाली उतरून दोन्ही यंत्रं शून्यावर आणली, पुन्हा चढले. पुन्हा तेच. यंत्र आपलं थोडं खालीच.

"यातला खरा आकडा कुठला?" मी विचारलं.

"पेडलांचा," साहेब एका क्षणात म्हणाले. जास्त होता ना.

आता मी पडले चौथीची बाई. गणिताचा ताळा जुळला नाही तर मी पोराला पुढचं गणित देत नाही. मी कंबरेवर हात ठेवून जाहीर केलं, "मग माझी अट ऐका. ज्या दिवशी ही दोन्ही यंत्रं एकच आकडा दाखवतील त्या दिवशी तुम्ही सायकल घेऊन रस्त्यावर जा. तोपर्यंत उंबऱ्याबाहेर नाही."

हा माणूस भाजीत मीठ बरोबर आहे की नाही यावरसुद्धा वाद घालतो. मी भांडणाच्या तयारीनं उभी होते. साहेबांनी दोन्ही आकड्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

मला वाटलं, दुखण्यानं माणूस सुधारला.

मग रोज संध्याकाळी हेच चालू झालं. मी शाळेतून येऊन चहा घ्यायचे, खुर्ची ओढायचे. साहेब आधी पेडलांचा शून्य लावणार, मग यंत्र गरगर फिरवून त्याचा शून्य लावणार, टॉवेल हँडलवर टाकणार. एवढ्या निगुतीनं त्यांनी आयुष्यात कधी गॅसची शेगडी पुसली नाही. मग पाय सुरू आणि मी विचारणार, "बोला." आणि साहेबांना काही सुचायचं नाही. सुरुवातीला ते कालव्याच्या दारांची नावं म्हणायचे, मी झोप आवरायचे. मी सांगितलं, "डॉक्टरांनी वाक्यं सांगितलीत, यादी नाही."

मधेच लाईट जायची. यंत्र मरायचं, पंखा मरायचा, मोठी स्क्रीन काळी. पेडलांची बॅटरी मात्र जिवंत. तेव्हा साहेब सगळ्यात खूश असत. एकच आकडा राहिलेला, तोही जास्तीचा, आणि त्याला खोटं पाडणारं कुणी नाही. अंधारात मोबाईल माझ्याकडं वळवून म्हणायचे, "बघ बघ." मी पदरानं वारा घालत बघायचे.

हळूहळू ते खरंच बोलायला लागले. त्यांचे आईवडील दर साली ऊसतोडीला जायचे आणि हेही लहानपणी फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, राहिलेले, एवढं मला माहीत होतं. पण मुकादम दुपारी झोपला की त्याची सायकल पळवून हे शिकत होते, हे नव्हतं माहीत. दांडीखालून पाय घालून चालवायचे. एकदा उतारावर ब्रेक कुठं असतो हेच आठवलं नाही, आणि उसानं भरलेल्या बैलगाडीत जाऊन शिरले. भुवईवरची खूण तिथली. मी पायच थांबवायला लावले.

"लग्न ठरवताना तुम्ही क्रिकेटमध्ये लागलं म्हणून सांगितलं होतं!"

"तुझे भाऊ सगळे शिकलेले," साहेब म्हणाले. "क्रिकेट बरं वाटलं."

त्या रात्री स्वयंपाक करताना मी एकटीच हसत होते. आणि जरा वाईटही वाटलं. इतकी वर्षं हा माणूस मी फक्त चहा आणि टॉवेलच्या मधूनच ऐकला होता. खरं सांगायचं तर मला त्या संध्याकाळी फार आवडायला लागल्या होत्या. दोन आकडे असेच भांडत राहोत असं मनात यायचं, आणि ते आलं की मी घाबरून दुसरा काहीतरी विचार करायचे.

दिवाळी होऊन गेली. एका सुट्टीच्या दिवशी कालव्याच्या पार शेवटाला जमीन असलेले एक शेतकरी काका घरीच तक्रार घेऊन आले. हॉलमध्ये, त्या बिनचाकाच्या सायकलीशेजारी खुर्चीवर बसले. तिच्याकडं त्यांनी एकदा संशयानं पाहिलं आणि विषयाला हात घातला.

"सायेब, वर गेटातनं सोडलं तेवढं पानी आमच्याकडं यीतच न्हाई. तुमच्या कागदावर लई दिसतंय. मंग मधी जातंय कुठं?"

साहेबांच्या अंगात आलं. बोली पण बदलली. "आरं बाबा, वर सोडलेलं पानी खाली तेवढंच कसं यील? थोडं जमीन पिती, थोडं ऊन पितं, थोडं भेगांतनं झिरपतं. वाटंत गळतंच. वरचा आकडा आन् खालचा आकडा जन्मात जुळायचा न्हाई. जुळला तर मोजनारा खोटा हाय असं समजायचं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. माझी नजर आधी साहेबांवर गेली आणि मग सायकलीवर. जोर पेडलात लावायचा, तो साखळीतून दातऱ्यांवर जायचा, आणि तिथून मागच्या यंत्रात पोचायचा. पेडल वर, यंत्र खाली. वाटेत थोडं गळणारच. ज्याची सगळी नोकरी हे समजावण्यात गेली त्याला हे पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. यंत्र थोडं कमी दाखवणार, रोज दाखवणार, आणि माझी अट कधीही पुरी होणार नाही. हे माहीत असून हा माणूस "बरं" म्हणाला होता.

काकांनी चहा घेतला, पाण्याच्या पुढच्या पाळीला दार उघडं ठेवायची वेळ वाढवून घेतली आणि गेले. संध्याकाळी मी खुर्ची ओढली. साहेबांनी दोन्ही शून्य लावले, पाय सुरू केले.

"आकडे काय म्हणतायत?" मी विचारलं.

"पाचचा फरक आहे अजून."

"जन्मात जुळायचा न्हाई ना?"

साहेबांचे पाय थांबले. यंत्राचं जड चाक मात्र घुमत राहिलं आणि बऱ्याच वेळानं गप्प झालं.  मला रागवायचं होतं. मला फसवलं म्हणून नाही, तर मी महिनोन्महिने आपण याला अडवून धरलंय म्हणून स्वतःला कैदाशीण समजत होते आणि हे तिथं निवांत घाम पुसत होते म्हणून.

"तूच अट घातलीस," ते म्हणाले.

"आणि तुम्ही कधी नाही ते ऐकलंत."

त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. टॉवेलातूनच म्हणाले, "मला भ्या वाटतंय गं. त्या दिवशी तिथं बसलो तेव्हा खिशातला फोन काढायला हात उचलंना. तू अट घातलीस तेव्हा मनात म्हटलं, आपण नको म्हणायच्या आधी हीच नको म्हणतीय, बरंच झालं."

मला वाटत होतं की भीती फक्त माझ्याकडं आहे आणि ती मी एकटी सांभाळतेय. आमच्या त्या हॉलमध्ये दोघंही घाबरून बसलो होतो, आणि दोघंही दुसऱ्याचं निमित्त करून. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्ट चिंब होता. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सपाट रस्ता, सकाळची वेळ, सोबत कुणीतरी, आणि बोलत राहायचं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

रविवारी आम्ही जिन्याखालचं चाक बाहेर काढलं. साहेब पुढं सायकलवर आणि मी मागं स्कूटीवर. पैठणच्या रस्त्याला कापसाची वेचणी चालली होती आणि कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून धावत होत्या. मी मागून ओरडून काहीबाही विचारत होते, भाजी काय करायची, मुलगी कधी येणार, आणि साहेब मान न वळवता उत्तरं देत होते. मग एकाएकी त्यांनी उत्तर देणं सोडलं. मी स्कूटी शेजारी घेतली.

"हितंच," ते म्हणाले आणि पाय टेकला.

मी पाहिलं. एक बांध होता, बियाणाच्या कंपनीची एक फाटकी पाटी होती, कपाशीत दोन बायका वाकलेल्या होत्या. इतके महिने मी या जागेची काय काय चित्रं काढली होती. साधा रस्त्याचा तुकडा होता. साहेब बाटलीतलं पाणी प्यायले. 

"जाऊ का पुढं?" त्यांनी विचारलं. पुढं पुलापर्यंत रस्ता सरळ आहे. ते "जाऊ या का" म्हणाले नव्हते, "जाऊ का" म्हणाले होते. नको म्हणणं माझ्या अगदी ओठावर होतं.

"जा," मी म्हटलं. "मी इथं थांबते."

ते गेले. मी स्कूटीवर बसून बघत राहिले, तोवर एक ट्रॉली मधे आली आणि ते दिसेनासे झाले. आता ना स्क्रीन, ना आकडा, ना त्यांचा आवाज. कपाशीतल्या बाईनं विचारलं, "काय झालं ताई, गाडी बंद पडली का?" मी मान हलवली.  रस्ता नुसता रिकामा होता.

मग दूरवर एक ठिपका दिसला. सायकल. वर माणूस. आवाज यायच्या कितीतरी आधी मला त्यांचे ओठ हलताना दिसले, एकसारखे. माझे डोळे भरून आले आणि मी स्कूटीचं हँडल घट्ट धरून ठेवलं. जवळ आल्यावर ऐकू आलं. पुलावर अंगावर आलेल्या ट्रॉलीवाल्याचा साहेब त्याच्या सात पिढ्यांसकट उद्धार करत होते, आणि एकही शब्द तुटत नव्हता.