नऊवर अडकलेलं नेट

आमच्या घरात किस्से म्हणजे फ्रीजमागे कोंबलेल्या पिशव्या. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात! परवा कुणीतरी नुसतं विचारलं, "काकी, तुमच्याकडे नेट कसंय?" झालं. चहा दोनदा ठेवावा लागला.

तर मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच. मी आणि माझी सून मनाली. मुलगा जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही. मनाली घरातूनच ऑफिस करते. कंपनीने तिला मोठा कंप्युटर दिलाय. त्याला नेट वायरीनेच लागतं, हवेतलं चालत नाही. नेटचा डबा दाराजवळ, कंप्युटर आतल्या खोलीत, मधे भिंतीच्या कडेने ही लांबलचक वायर. त्या वायरीत मी दोनदा अडखळले. तेवढीच आमची ओळख.

मे महिन्यात गावाहून वर्षाचे तांदूळ आले. दाराजवळ भिंतीला लावून मी पत्र्याचं पिंप ठेवलं, गळ्यापर्यंत भरलं, वर गोधडीची घडी टाकली. आल्यागेल्याला बसायला पण झालं. झकास!

आणि त्याच आठवड्यात नेटची वाट लागली.

*

पहिला किस्सा माझ्या जिभेचा.

मनाली मीटिंगमध्ये होती. कानाला ते हेडफोन, समोर साहेब आणि वीस-पंचवीस माणसं. तिने मला सकाळी दम दिलेला, "आई, मीटिंग चालू असताना मागे येऊ नका हं." असं बोललं की माझे पाय तिकडेच जातात. मी दारातून डोकावले आणि तिला वेडावून दाखवायला जीभ बाहेर काढली. अशी, पार हनुवटीपर्यंत.

नेमकं तेव्हाच चित्र अडकलं!

आख्ख्या कंपनीसमोर माझी जीभ. मी कधीच आत घेतलेली, स्वयंपाकघरात जाऊन कांदा पण चिरायला घेतला, पण तिकडे ती बाहेरच! मनाली रडकुंडीला आली.

संध्याकाळी साहेबांचा फोन. सोमवारपर्यंत स्पीडचा फोटो पाठव, आकडा पन्नासच्या वर पाहिजे. नाहीतर पुण्याच्या ऑफिसात ये, तिकडेच खोली बघ.

मी हसायची थांबले. पुण्याला गेली तर मी छळायचं कुणाला?

*

मनाली दर तासाला स्पीड मोजायची. आकडा यायचा नऊ. सकाळी नऊ, दुपारी नऊ, सगळी सोसायटी झोपली तरी नऊ. आठ नाही, दहा नाही. पैसे शंभरच्या स्पीडचे भरलेले.

मी बोलले, "अगं, चांगला आकडा आहे. नवरात्र नऊ दिवसांचं, ग्रह नऊ."

"आई, मला साडेसाती आहे आणि तुम्हाला मस्करी सुचते!"

"ती पण साडेसातच. तुझं नेट नऊ आहे ना!"

तिने आतल्या खोलीचं दार धाडकन लावून घेतलं.

*

मग नेटवाल्यांना फोन लावला. वीस मिनिटं नुसतं म्युझिक. टिंग टिंग टिंग. मनालीची मीटिंग होती म्हणून फोन माझ्या हातात. शेवटी एक बाई आली. "मॅडम, कंप्युटर बंद करून परत चालू करा."

"करते. होल्ड करा हं," असं म्हणून मी फोन ओट्यावर ठेवला, कुकरच्या शेजारी. आमच्या कुकरची शिट्टी खालच्या रिक्षास्टँडला ऐकू जाते. डाळीच्या चार शिट्ट्या होऊ दिल्या, मग फोन उचलला.

बाई घाबरलेली. "मॅडम, कसला आवाज तो?"

"आमचं म्युझिक. तुमचं आम्ही ऐकलं, आता आमचं तुम्ही ऐका!"

दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला हो त्यांनी.

*

माणूस आला. चांगला पन्नाशीचा, पोट सुटलेला. आल्या आल्या पिंपावर बसला, खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, डब्याकडे धरला. "आजी, पंच्याऐंशी स्पीड आहे. सगळं ओके."

"तो तुझा मोबाइल रे. कंप्युटर आत आहे."

"डब्यात नेट येतंय ना? मग ओके."

"मेल्या, पेशंट आत झोपलाय आणि तू शेजाऱ्याचा ताप बघतोस!"

हसला, पण उठला नाही. तिथेच बसून कागद भरला. बोलला, कंप्युटरमध्ये फॉल्ट आहे, कंपनीला सांगा. कंपनीला फोन केला तर ते बोलले, कंप्युटर नवाकोरा आहे, नेटवाल्याला सांगा. आमच्या नाक्यावरच्या खड्ड्यासारखं. हा म्हणतो त्याचा, तो म्हणतो ह्याचा, आणि पडायचं आपण!

*

आता गोखले काका. समोरच्या दारातले. बँकेतून रिटायर झालेले. बँकेत पहिला कंप्युटर आला तेव्हा त्याचं प्लास्टिक ह्यांनी काढलं, तेव्हापासून स्वतःला एक्स्पर्ट समजतात. दर संध्याकाळी यायचे, पिंपावर बसायचे, चहा घ्यायचे आणि तिथून ऑर्डरी सोडायचे. "मनाली, अँटीव्हायरस बंद कर. आता चालू कर. आता ड्रायव्हर अपडेट कर."

मी बोलले, "काका, टायर पंक्चर असला तर ड्रायव्हर बदलून काय होणार?"

"काकी, तुम्हाला ह्यातलं काय कळतं? तुमची चौथी तरी झालीय का?"

"झालीय की. दोनदा!"

काका इतके हसले की चहा सांडला. "तुम्ही हे नेट चालू केलंत ना, तर सगळ्या मजल्याला मी माझ्या हाताने चहा करून पाजीन!" ज्या माणसाला स्वतःच्या घरात साखरेचा डबा कुठला ते माहीत नाही, तो हे बोलला. मी लक्षात ठेवलं.

*

रविवार उजाडला. मनाली स्टेशनजवळ बॅग आणायला गेली. मोठी, चाकांची. जाताना बोलली, "आई, दर शनिवारी येईन ना मी." मी बोलले, "ये बाई, नाहीतर तुझ्या वाटणीचे मासे मीच खाईन." आणि दार लावून घेतलं.

घर एकदम गप्प झालं. रविवार म्हणून काका सकाळीच येऊन पिंपावर बसलेले, हातात चहा. मी खाली बसले, डब्याजवळची वायर हातात घेतली आणि डोळे मिटले.

काकांना काय माहीत! गिरणी बंद पडेपर्यंत मी वाइंडिंग खात्यात होते. दिवसभर बोटांतून सूत जायचं. कुठे बारीक झालं, कुठे तुटायला आलं, ते डोळ्याआधी बोटांना कळायचं. म्हटलं, ही वायर म्हणजे जाडं सूतच ना. बघू तरी.

बोटं सरकवत निघाले. गोल, गोल, गोल. एक हात, दोन हात. मग काकांचा पाय लागला.

"काका, उठा."

"का?"

"उठा म्हणते ना!"

पिंप आम्ही दोघांनी ढकललं. खाली वायर पापडासारखी चपटी! पत्र्याची कड आत घुसलेली, आतल्या बारीक तारा बाहेर डोकावत होत्या.

काकांनी वायरकडे बघितलं. पिंपाकडे बघितलं. मग स्वतःकडे. तोंडावरचा रंगच उडाला. "काकी... हे मी बसून बसून...?"

आता तुम्हाला म्हणून सांगते. पिंप रिकामं होतं तेव्हा मीच ते मुद्दाम वायरीवर ठेवलं होतं. सारखी पायात यायची ती, म्हटलं दबून राहील. पण काकांनी मला तसं विचारलंच नाही ना! मी फक्त उसासा टाकला. उसासा टाकणं म्हणजे काय खोटं बोलणं नव्हे.

"मनालीला सांगू नका हो!" काका धावत घरी गेले आणि स्वतःच्या मुलाची जुनी वायर घेऊन आले. एक टोक डब्यात, दुसरं कंप्युटरात. मनाली बॅग ओढत आली, घाम पुसला, स्पीड मोजला.

चौऱ्याण्णव!

पोरीने बॅग तिथेच सोडली आणि मला उचललं. ह्या वयात मला! "आई, कोणी केलं?"

काका पटकन बोलले, "काकींनी! एकट्या काकींनी!"

त्या संध्याकाळी काकांनी मजल्याला चहा पाजला. साखर जास्त, पावडर कमी, पण चार घरं प्यायली. नव्या बॅगेत मी गोधड्या भरून माळ्यावर टाकल्या.

सोमवारी मनालीने मला मुद्दाम स्क्रीनसमोर उभं केलं. साहेब ओरडले, "अरे, जिभेवाल्या आजी!" मी लगेच जीभ बाहेर काढली, आत घेतली, परत काढली. सगळं सरळ दिसलं, कुठे अडकलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

काका अजून रोज संध्याकाळी येतात. गप्पा मारतात, चहा घेतात. मनाली खुर्ची पुढे करते, "काका, बसा ना." काका आधी माझ्याकडे बघतात.

मग चहा पितात. उभ्यानेच.